वही मिटून केलेली उजळणी

नाशिक विभागीय शिक्षण मंडळाच्या कक्षेत नाशिक, धुळे, जळगाव आणि नंदुरबार हे चार जिल्हे येतात. या जिल्ह्यांत दहावी-बारावीची परीक्षा तोंडावर आली की घरोघरी उजळणी सुरू होते, म्हणजे तेच धडे पुन्हा वाचणे आणि ओळी रंगवणे. ही मेहनत प्रामाणिक असते, पण तिची दिशा चुकते. शिकलेले सुरुवातीलाच सर्वांत वेगाने विसरले जाते, हे मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये दाखवले. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधील प्रयोगात पाच मिनिटांनंतर पुन्हा वाचणारे पुढे होते; आठवड्यानंतर मात्र न पाहता आठवणारे सरस ठरले. म्हणून आज वाचलेला धडा उद्या, चार दिवसांनी आणि पंधरवड्याने वही मिटून कोऱ्या पानावर लिहावा, मग ताडून पाहून सुटलेल्या मुद्द्यावर लाल खूण करावी. पुढची उजळणी त्या खुणांपासूनच सुरू व्हावी.

‘अभ्यासक्रमच संपलेला नाही, एवढा वेळ कुठला?’ हा आक्षेप रास्त आहे. पण येत असलेले पुन्हा वाचण्यातच वेळ जास्त जातो. लाल खुणा तो वाचवतात. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर घरकाम सांभाळून शिकणाऱ्यांना स्वतंत्र खोली कुठून मिळणार, असेही कुणी म्हणेल. उलट ही पद्धत त्यांच्यासाठीच अधिक सोयीची आहे. तिला ना स्वतंत्र खोली लागते, ना क्लासची फी, ना मोबाइल. पाठकोरा कागद आणि वीस मिनिटे पुरतात. शाळांनी सराव परीक्षेआधीच ही सवय लावावी. मुलांच्या कष्टांचे चीज होण्याचा हा साधा, खात्रीचा मार्ग आहे.