प्रकाशाच्या वेगाला पाण्याची मर्यादा

२०२५ च्या ऑगस्ट महिन्यात दोन भारतीय 'नॉटील' ह्या फ्रेंच पाणबुडीतून अटलांटिक महासागरात उतरले. एक ४,०२५ मीटर, तर दुसरा ५,००२ मीटर खोल गेला. एवढ्या खोलीवरून वरच्या जहाजाशी बिनतारी संभाषण करायचे तर ध्वनीचाच आधार घ्यावा लागतो. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर जातो. म्हणजे पाच हजार मीटरांवरून विचारलेला प्रश्न वर पोहोचायला तीन सेकंदांहून अधिक काळ लागतो आणि उत्तर खाली यायला पुन्हा तेवढाच. बोलणे त्यातूनही निभावते. पण स्पष्ट चलच्चित्र पाठवायचे म्हटले, की ध्वनीची ही वाट फारच अरुंद ठरते. रेडिओलहरींची अवस्था तर त्याहून बिकट आहे. खारे पाणी विद्युत्‌वाहक असल्यामुळे त्या अल्पावधीतच विरून जातात. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ असलेल्या नौदलाच्या केंद्रातून पाणबुड्यांना अतिशय कमी कंप्रतेच्या लहरींवर संदेश जातात खरे, परंतु तेही पृष्ठभागाखाली थोड्या मीटरांपर्यंतच आणि जुन्या तारायंत्राची आठवण व्हावी अशा गतीने.

ह्या कोंडीतून वाट काढण्यासाठी गेली काही वर्षे दृश्य प्रकाशाकडे, विशेषतः निळ्या-हिरव्या प्रकाशाकडे, शास्त्रज्ञांचे लक्ष लागले आहे. कल्पना तशी नवी नाही. ग्रॅहॅम बेलने १८८० साली वॉशिंग्टनमध्ये प्रकाशकिरणावरून मानवी आवाज दोनशे मीटरांवर पोहोचविला होता. तो अर्थात हवेतून. पाण्यात ४५० ते ५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश इतरांच्या मानाने कमी शोषला जातो, ही गोष्ट १९६३ पर्यंत डंटली ह्या अमेरिकी शास्त्रज्ञाने नीट मांडली होती. त्याच्याही आधी, १९२१ मध्ये, इंग्लंडहून 'नारकुंडा' बोटीने परतणाऱ्या चंद्रशेखर व्यंकट रामन ह्यांना भूमध्य समुद्राच्या निळाईने भारून टाकले होते. ही निळाई म्हणजे केवळ आकाशाचे प्रतिबिंब, हे मत खोडून काढणारे त्यांचे टिपण 'नेचर' नियतकालिकाकडे गेले ते मुंबई बंदरातून. ज्या बंदरातून ते गेले तेथील पाण्यात मात्र निळाई औषधालाही सापडत नाही, आणि ह्या विषयाचे सारे अर्थकारण त्या विरोधातच दडलेले आहे.

वेगाचे आकडे डोळे दिपविणारे आहेत ह्यात शंका नाही. २००८ मध्ये अमेरिकेतील प्रयोगशाळेत सेकंदाला एक गिगाबिट, म्हणजे शंभर कोटी बिट, इतकी माहिती पाण्यातून प्रकाशावाटे पाठविली गेली. २०१५ मध्ये सौदी अरेबियातील किंग अब्दुल्ला विद्यापीठाने निळ्या लेसरने हा वेग ४.८ गिगाबिटवर नेला. ध्वनीच्या मोडेमवरून काही किलोमीटर अंतरासाठी जेमतेम हजारांच्या घरातले बिट जातात, हे लक्षात घेतले म्हणजे ही झेप किती मोठी आहे ते कळते. परंतु बातम्यांत ज्याचा उल्लेख ओझरता होतो ते अंतर पाहावे. पहिल्या प्रयोगात ते दोन मीटर होते, दुसऱ्यात ५.४ मीटर. जपानच्या सागरविज्ञान संस्थेने २०१७ मध्ये प्रत्यक्ष समुद्रात १२० मीटरांवर संदेश पाठविला, तेव्हा वेग सेकंदाला २० मेगाबिट होता. ही कामगिरी पहिल्या दोहोंपेक्षा अधिक मोलाची मानली पाहिजे. तिचा वेग विक्रमी नव्हता, पण समुद्र खरा होता.

पाण्यात प्रकाश कसा घटतो हे ज्याने घसाऱ्याचा हिशेब केला आहे त्याला चटकन उमगेल. ठराविक अंतराला ठराविक टक्के घट, मग उरलेल्यावर पुन्हा तेवढीच टक्के घट, असा हा चक्रवाढीचा उलटा फेरा आहे. संशोधनात सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या गुणकांनुसार स्वच्छ महासागरात ही घट मीटरला सुमारे चौदा टक्के धरली जाते. गढूळ बंदरात ती नव्वद टक्क्यांच्या जवळ जाते. फरक सहापट दिसतो, पण दहा मीटरांवर काय उरते? महासागरात मूळ प्रकाशाचा पाचवा हिस्सा. बंदरात शंभर कोटींतला एक भागसुद्धा नाही! दिव्याची शक्ती दुप्पट-चौपट करून ही दरी भरून निघत नाही. खर्च तेवढा वाढतो.

तेव्हा प्रकाशाने ध्वनीची जागा घ्यावी ही अपेक्षाच चुकीची आहे. त्याचे खरे क्षेत्र खोल, स्वच्छ आणि अंधाऱ्या पाण्यात आहे, जेथे सूर्यप्रकाशाचा अडथळाही नसतो. तळावर ठेवलेली उपकरणे महिनोन्‌महिने नोंदी साठवितात. त्या मिळविण्यासाठी आज बहुधा उपकरण वर काढावे लागते. त्याऐवजी एखादे स्वयंचलित यान जवळ जाऊन काही मिनिटांत साऱ्या नोंदी प्रकाशावाटे उचलू शकले, तर वाचतो तो जहाजाचा वेळ; आणि सागरी संशोधनात जहाजाच्या दिवसाइतकी महाग वस्तू क्वचितच असते. भारताला ह्याची निकड आहे. मध्य हिंदी महासागरातील ७५,००० चौरस किलोमीटर तळावर बहुधातूंच्या गोळ्यांचे संशोधन करण्याचा करार भारताने २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाशी केला. २०२१ मध्ये ४,०७७ कोटी रुपयांची खोल सागर मोहीम मंजूर झाली. तीन माणसांना सहा हजार मीटर खोल नेणारी 'मत्स्य ६०००' त्याच मोहिमेतील आहे.

पण किनाऱ्याचे काय? पावसाळ्यात कोकणातल्या खाड्या ओकीत असलेला लाल गाळ ज्याने पाहिला आहे, त्याला स्कॅन्डिनेव्हियाच्या किंवा तांबड्या समुद्राच्या पाण्यात तपासलेले उपकरण तेथे जसेच्या तसे चालेल असे सांगून पटणार नाही. हिवाळ्यात अरबी समुद्राच्या उत्तर भागात सूक्ष्म जीवांचे हिरवे थर पसरतात, तेव्हा पाण्याचा रंगच पालटतो. त्यात काचेवर चढणारे शेवाळ आणि शिंपले ह्यांची भर. ते पुसायला पाणबुड्या पाठवावा लागला, की बचतीचा निम्मा हिशेब तेथेच कोसळतो. जेट्टीचे खांब, पुलांचे पाये, तेलवाहिन्या ह्यांच्या तपासणीची गरज बहुतेक ह्याच पाण्यात आहे, आणि ह्याच पाण्यात प्रकाश लंगडा पडतो.

म्हणून सार्वजनिक पैसा प्रथम कोठे खर्च व्हावा, हा प्रश्न यंत्रखरेदीच्या आधी सोडविला पाहिजे. आपल्या किनाऱ्याच्या पाण्याची प्रकाशीय मोजणी महिन्यामहिन्याने, अनेक ठिकाणी, निदान काही वर्षे सलग व्हावी आणि तिचे तक्ते सर्वांना खुले असावेत. कोणतीही खासगी कंपनी हे काम आपणहून करणार नाही, कारण तिच्या खर्चाचा लाभ प्रतिस्पर्ध्यांनाही मिळेल. सार्वजनिक वस्तूची पाठ्यपुस्तकात शोभावी अशी ही व्याख्या आहे. गोव्याच्या दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून, तर चेन्नईची समुद्र तंत्रज्ञान संस्था १९९३ पासून कार्यरत आहे. मनुष्यबळाची सबब पुढे करता येणार नाही. पाणबुड्यांच्या सुरक्षिततेसाठी अशी माहिती गुप्त ठेवावी, असा युक्तिवाद नौदलाच्या बाजूने होऊ शकेल, आणि काही विवक्षित पट्ट्यांपुरता तो रास्तही आहे. मासेमारीच्या बंदरांतील गाळाला मात्र गोपनीयतेचे कवच कशासाठी?

आणखी एक खर्च कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. खोल समुद्रातील बहुतेक प्राण्यांचे डोळे निळ्या प्रकाशालाच सर्वाधिक संवेदनशील असतात, आणि संदेशासाठी वापरायचा तो नेमका निळाच. गोळे काढण्यापूर्वी तळावरील जीवसृष्टीची मूळ स्थिती नोंदविणे करारान्वये बंधनकारक आहे. त्या नोंदीचे साधनच ती स्थिती किती बदलते, ह्याचीही मोजणी त्याच वेळी झाली पाहिजे.

तूर्त एवढे तरी व्हावे, की यापुढे अशा उपकरणाची निविदा निघेल तेव्हा तीत वेगाच्या रकान्याशेजारी आणखी तीन रकाने असावेत : किती मीटरांवर, कोणत्या पाण्यात, आणि कोणत्या महिन्यात.