दुष्काळ सरला, कर का सरत नाही?

फेब्रुवारीच्या पगारपावतीवर एक ओळ असते. व्यवसाय कर, रुपये ३००. उरलेले अकरा महिने दोनशे-दोनशे, वर्षाचे झाले २५००. सोलापूरच्या चादर-टॉवेल कारखान्यात दहा हजारांवर पगार घेणाऱ्या कारकुनाच्या खिशातूनही हे पैसे निमूटपणे कापले जातात. कर लावला तेव्हा सांगितलेले कारण आजही उरले आहे काय, याचा जाब आम्ही सरकारला विचारतो.

१९७२ च्या दुष्काळाने सोलापूर जिल्हा होरपळला. मालदांडी ज्वारी पिकवणाऱ्या शेतकऱ्याने परदेशी मिलो ज्वारीची भाकरी खाल्ली, खडी फोडली, लेकरांना सुकडीवर जगवले. त्या आगीतून वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली आणि तिच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर आला. तो कर न्याय्य होता. भुकेल्याच्या हाताला काम देण्यासाठी पगारदाराने चार पैसे द्यायलाच हवेत.

पण पुढे काय झाले? राज्यघटनेने या कराला घातलेली वर्षाला २५० रुपयांची मर्यादा १९८८ साली दहापट झाली. २००५ साली केंद्राचा रोजगार हमी कायदा आला आणि १०० दिवसांपर्यंतच्या अकुशल मजुरीचा भार केंद्राने उचलला. राज्याचे ओझे हलके झाले, कर मात्र तसाच राहिला! २०१५ च्या दुष्काळात तोच खेळ झाला. दुष्काळनिवारणाच्या नावाने पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे २ रुपये चढले. २०१६ साली राज्यात चांगला पाऊस झाला, तरी अधिभार हटला नाही. उलट एप्रिल २०१७ मध्ये पेट्रोलवर आणखी ३ रुपये लादले गेले. आमच्या दुष्काळाच्या नावावर तिजोरी भरायची आणि पाऊस पडला तरी हात मागे घ्यायचा नाही, ही राजरोस लूट आहे!

पीकॉक आणि वाइजमन या ब्रिटिश अर्थतज्ज्ञांनी १९६१ साली हेच दाखवून दिले. युद्धासारख्या संकटात जनता वाढीव कर सोसते. संकट टळले तरी खर्च पूर्वपदावर येत नाही, कारण वाढलेल्या उत्पन्नाची सरकारला चटक लागलेली असते. आपल्याकडेही तेच घडते. योजनेला कार्यालय मिळते, कार्यालयाला पदे, पदांना वेतन आयोग. योजना बंद होऊ नये म्हणून ठेकेदार मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवतो. महिन्याच्या दोनशे रुपयांसाठी मोर्चा कोण काढणार? म्हणून जुने काही मिटत नाही आणि प्रत्येक निवडणुकीला नवे काही जन्मते.

परिणाम समोर आहे. राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सात लाख कोटींवर गेला. महसुली तूट ४५ हजार कोटींच्या पुढे, कर्ज नऊ लाख कोटींच्या पुढे. आणि सोलापूरकराच्या पदरात काय? ११७ टीएमसीचे उजनी धरण जिल्ह्यात असून शहराने वर्षानुवर्षे चार-पाच दिवसांआड पाणी भरले. बायाबापड्यांनी घागरी, बॅरल, पिंपे भरून घरात पाण्याची कोठारे केली. खर्च फुगला, नळ कोरडाच राहिला!

गरिबाच्या पोटाला चिमटा घ्या, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ज्याच्या नावाने पैसा गोळा होतो त्याच्यापर्यंत तो पोहोचत नाही, हाच आमचा संताप आहे. आमची मागणी स्पष्ट आहे. संकटाच्या नावाने लावलेल्या प्रत्येक कराला कायद्यातच मुदत घाला. मुदत संपली की तो आपोआप रद्द व्हावा. प्रत्येक योजनेचा दर पाच वर्षांनी विधिमंडळात जमाखर्च मांडा, आणि जिचे काम संपले ती बंद करा.

सोलापूर जिल्ह्यातल्या अकरा आमदारांनो, दुष्काळ आमचा होता, म्हणून हिशेब मागण्याचा पहिला हक्कही आमचा आहे. येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात पक्ष बाजूला ठेवून ही मागणी मांडा. ज्याला हे जमणार नाही, त्याने पुढच्या वेळी या जिल्ह्यात मत मागायला येऊ नये!