रिकाम्या चढाईचे श्रेय कुणाला?

कबड्डीचा अंतिम सामना संपला की दुसरा सामना सुरू होतो. तो टपरीवर, कंपनीच्या बसमध्ये आणि कँटीनच्या रांगेत रंगतो. विषय एकच असतो : स्पर्धेचा खरा सर्वोत्तम खेळाडू कोण? पुणेरी पलटणचे घरचे मैदान बालेवाडीला, पिंपरी-चिंचवडच्या वेशीवर. त्यामुळे भोसरी ते चाकण या पट्ट्यात हा वाद जरा जास्तच तापतो. वाद खेळाचा असला तरी त्यात वैद्यकशास्त्राचा एक जुना प्रश्न दडलेला आहे. अनेकांनी मिळून केलेल्या कामाचे श्रेय एकाला द्यायचे, तर ते मोजायचे कसे?

१ मार्च २०२४ रोजी हैदराबादमध्ये पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून प्रो कबड्डीचे पहिले विजेतेपद मिळवले. त्या सामन्यात सर्वाधिक ९ गुण पंकज मोहितेचे होते, त्यांतले ४ तर एकाच चढाईत. संपूर्ण स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला कर्णधार अस्लम इनामदार. सर्वोत्तम बचावपटूचा मान ९९ पकड-गुण मिळवणाऱ्या इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईला मिळाला. एकाच संघात तीन दावेदार आणि तिघांच्याही बाजूने बोलण्यासारखे बरेच काही.

मोहितेच्या बाजूने शेवटची रात्र आहे. पण शेवटचे पाहिलेले तेच मोठे वाटणे, ही माणसाच्या स्मरणशक्तीची खोड आहे. एका सकाळच्या साखरेवरून कोणी मधुमेहाचा निकाल लावत नाही, त्यासाठी तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी करतात. संपूर्ण हंगामाचा मानकरीही एका रात्रीवरून ठरू नये.

मग उरतात अस्लम आणि शादलुई. अस्लम चढाई करतो, पकडीही करतो, वर संघ सांभाळतो. त्याची निवड चुकीची होती असे म्हणता येणार नाही. पण तो पलटण साखळीतील २२ सामन्यांपैकी फक्त २ हरली, आणि स्पर्धेत सर्वाधिक चढाई-गुण मिळवणारा आशू मलिक मात्र दिल्लीचा होता. पलटणचे वेगळेपण केवळ गुण घेण्यात नव्हते, ते गुण न देण्यातही होते. म्हणून त्या वर्षीचा मान बचावफळीकडे, म्हणजे शादलुईकडे जायला हवा होता.

यावर हरकत येईल, की त्याच्या ९९ गुणांची दखल घेऊनच त्याला बचावपटूचे बक्षीस दिले गेले ना! मुद्दा तिथेच आहे. ९९ हा आकडा दिसणाऱ्या कामाचा आहे. चढाईपटू तीस सेकंद घुमतो, कोपरारक्षक आणि मध्यरक्षक त्याला जागाच देत नाहीत आणि तो हात हलवत परत जातो. ही रिकामी चढाई. गुणफलकावर कोणाच्याच नावापुढे काही चढत नाही. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत त्या संघाला गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. त्या घाईत तो सापडतो आणि पकडीचा गुण एकाच्या नावावर लागतो. आधीच्या दोन चढाया ज्यांनी रिकाम्या घालवल्या, त्यांची नोंद कुठेच नसते.

जे घडू दिले नाही ते मोजले जात नाही, ही अडचण सार्वजनिक आरोग्याला पुरेपूर ठाऊक आहे. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला. त्यानंतर ज्या मुलांचे पाय लुळे पडले नाहीत, त्यांतले एकही मूल कोणाला बोट दाखवून सांगता येणार नाही. तुटलेले बोट जोडणाऱ्या शल्यचिकित्सकाचा फोटो छापून येतो आणि तो यावाही. पण पॉवर प्रेसचा सेन्सर चालू आहे की नाही हे पाळीच्या सुरुवातीला तपासणाऱ्या, आणि उत्पादन घटते म्हणून तो बंद करू न देणाऱ्या फिटरचे नाव शेजारच्या खात्यालाही माहीत नसते. त्याच्या पाळीत काहीच घडत नाही. हीच त्याची कामगिरी.

न दिसणारे काम मोजताच येत नाही, असेही नाही. बास्केटबॉलमध्ये एखादा खेळाडू मैदानात असताना संघाने किती गुण मिळवले आणि किती दिले, याचा हिशेब ठेवतात. २०१५ च्या एनबीए अंतिम मालिकेत क्लीव्हलँडच्या लेब्रॉन जेम्सची सरासरी सामन्यामागे ३५.८ गुणांची होती. गोल्डन स्टेट संघ १-२ असा मागे पडल्यावर आंद्रे इग्वाडालाला सुरुवातीपासून उतरवण्यात आले, लेब्रॉनला रोखण्याचे काम त्याच्यावर होते. पुढचे तिन्ही सामने गोल्डन स्टेटने जिंकले आणि मालिकावीर ठरला इग्वाडाला. त्यावरही वाद झालाच. पण रोखणाऱ्याला मान देता येतो, हे तिथे दिसले.

शादलुईच्या बाजूने पुढच्या हंगामाचा दाखलाही दिला जातो. तो हरियाणाकडे गेला, हरियाणा २०२४ च्या डिसेंबरात बालेवाडीलाच विजेता ठरला आणि या वेळी स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू शादलुईच होता. पलटणला मात्र बाद फेरीही गाठता आली नाही. पुरावा जोरदार वाटतो, पण इथे सावध राहायला हवे. त्याच हंगामात अस्लमही गुडघ्याच्या दुखापतीमुळे मध्येच बाहेर पडला होता. दोन औषधे एकाच वेळी बंद केली आणि ताप चढला, तर कोणत्या औषधाने तो रोखून धरला होता हे सांगता येत नाही. त्यामुळे शादलुईचा दावा त्या निकालावर नव्हे, तर पलटणकडून तो काय खेळला त्यावरच उभा राहायला हवा.

अस्लमचा गुडघा या वादातली दुसरी बाजू पुढे आणतो, आणि ती या पट्ट्यातल्या घराघरांशी संबंधित आहे. आठवडाभर पाळ्या करून सुट्टीच्या दिवशी गावच्या स्पर्धेत उतरणारी मुले इथे पुष्कळ आहेत. 'उत्कृष्ट चढाईपटू'ची ढाल किंवा दुचाकी डोळ्यांसमोर असली की सुजलेला गुडघा पट्टीखाली लपतो. 'दुखत असूनही खेळला' याला टाळ्या मिळतात. 'दुखतंय म्हणून थांबला' याला मिळत नाहीत. ही मुले संघाबरोबरच्या डॉक्टर आणि फिजिओच्या नजरेखाली नसतात. त्यांचा गुडघा गेला तर सामन्याबरोबर हजेरीही बुडते, आणि कंत्राटी कामगाराची हजेरी म्हणजे घरचा किराणा.

म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पकडीत गुडघ्यातून 'कट्' असा आवाज आला, काही तासांत सूज चढली किंवा पायावर भार देताना गुडघा सटकला, तर मालिश करून मैदानात परतू नये. अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे. गुडघ्याच्या आतला दोरीसारखा बंध तुटून शस्त्रक्रिया झाली असेल, तर नऊ महिन्यांच्या आत खेळायला लागणाऱ्यांत पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण बरेच जास्त आढळते. फुटबॉलमध्ये वीस मिनिटांच्या ठरावीक सरावाने दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी झालेल्या आहेत. त्यात तोल सांभाळणे, मांड्यांची ताकद आणि उडी मारून नीट उतरणे एवढेच असते. त्याला ना यंत्र लागते ना पैसा.

स्थानिक स्पर्धा भरवणाऱ्यांना दोन बदल सहज करता येतील. गुणलेखकाच्या वहीत रिकाम्या चढायांचा एक रकाना वाढवावा आणि सर्वांत जास्त रिकाम्या चढाया घालवणाऱ्या बचावफळीला, म्हणजे एकट्याला नव्हे तर पूर्ण फळीला, बक्षीस द्यावे. आणि जखमी खेळाडूला बाहेर बसवणाऱ्या कर्णधाराचे नाव माइकवरून घ्यावे.

मोजणीलाही पथ्य असते. कारखान्याच्या फाटकावर 'अपघाताविना इतके दिवस' असा फलक असतो. न घडलेल्याची मोजदाद करणारा तो बहुधा एकमेव फलक. पण तो आकडा टिकवण्यासाठी लहान जखमा लपवल्या जाऊ लागल्या, तर फलकच अपघाताचे कारण होतो. रिकाम्या चढायांचेही तसे होऊ नये. आकड्याला आकडा म्हणून पाहावे आणि खेळ डोळ्यांनी पाहावा.

पुढच्या अंतिम सामन्यानंतर कँटीनमध्ये वाद होईलच, व्हायलाच हवा. त्या वेळी गुण किती घेतले हे विचारून झाले, की कोणी किती दिले नाहीत, एवढेही एकमेकांना विचारावे.