औषधाचा भाव कोणी ठरवावा?

मध्यस्थ हा बाजारातील उपयुक्त घटक आहे, असे वाणिज्य शाखेत आपण शिकतो. पण मध्यस्थच भाव ठरवू लागला आणि शेजारी स्वतःचे दुकानही चालवू लागला, तर? अमेरिकेतील औषधबाजारात आज हाच प्रश्न आहे.

तेथे विमा असलेला रोगी औषधाच्या किमतीचा काही भाग स्वतः देतो. उरलेली रक्कम विमा योजनेच्या वतीने 'फार्मसी बेनिफिट मॅनेजर' ही मध्यस्थ कंपनी दुकानदाराला देते. किती द्यायची, हे तीच ठरवते. अशा बड्या कंपन्यांच्या उद्योगसमूहांची स्वतःची औषधविक्रीही आहे. लहान दुकानदाराला मात्र कित्येकदा खरेदीच्या किमतीहूनही कमी पैसे मिळत.

म्हणून आर्कान्सा राज्याने २०१५ साली कायदा केला. दुकानदाराला निदान खरेदीची किंमत मिळावी, कमी मिळाल्यास दाद मागता यावी, आणि तोट्यात औषध देण्यास नकार देता यावा, अशी त्यात तरतूद आहे. मध्यस्थांच्या संघटनेने १९७४ च्या 'एरिसा' या केंद्रीय कायद्याचा आधार घेऊन त्याला आव्हान दिले. १० डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठही न्यायमूर्तींच्या एकमताने राज्याच्या बाजूने निर्णय दिला.

मध्यस्थ म्हणतात, आम्ही घासाघीस करून भाव उतरवतो. दुकानदाराला जास्त दिले तर विमा महागेल. यात तथ्य मुळीच नाही, असे मी म्हणणार नाही. परंतु ओहायो राज्याच्या लेखापरीक्षकांनी २०१८ साली गरिबांच्या 'मेडिकेड' योजनेचा हिशेब तपासला. योजनेकडून घेतलेली आणि दुकानदारांना दिलेली रक्कम यांत एका वर्षात सुमारे २२ कोटी ४८ लाख डॉलरांची तफावत निघाली. पाणी कोठे मुरते, हे वेगळे सांगायला नको.

आर्कान्साने २०२५ मध्ये पुढचे पाऊल टाकले: मध्यस्थाने औषधदुकान चालवूच नये, असा कायदा केला. जुलै २०२५ मध्ये संघीय न्यायाधीशांनी त्याला अंतरिम मनाई केली. त्या कायद्याच्या घटनात्मकतेविषयी मतभेद असू शकतील. त्यामागील तत्त्व मला पटते. केवळ किमान दर बांधून भागत नाही. तराजू धरणारा आणि माल विकणारा एकच असला, तर मापाविषयी संशय राहणारच. निदान हिशेब तरी उघडा असावा. गावातले एकुलते औषधदुकान बंद पडले, तर पायपीट रोग्यालाच करावी लागते, मध्यस्थाला नव्हे.