छंद असावा छान : राणीछाप रुपया



लक्ष्मीपूजनाला तुमच्या घरी चांदीचे जुने रुपये पुजतात का? मग यंदा त्यांच्याकडे जरा नीट बघा. आजी ज्याला ‘राणीछाप’ म्हणते, तोच हा रुपया.

१८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या मुलखात एकाच वजनाचा रुपया सुरू केला. वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. बारा भागांपैकी अकरा भाग चांदी! सोळा आण्यांचा हा बंदा रुपया शंभर वर्षं असाच चालला. १९४० मध्ये महायुद्धामुळे त्यातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये तर तो निकेलचाच झाला.

आता भिंग घ्या. मुकुट घातलेली बाई दिसली, की ती राणी व्हिक्टोरिया. दाढी आहे पण मुकुट नाही? ते सातवे एडवर्ड. दाढी आणि मुकुट दोन्ही? पंचम जॉर्ज. मुकुट आहे, दाढी नाही? सहावे जॉर्ज. आहे की नाही सोपं?

पण साल बघून फसू नका हं! राणीच्या रुपयावर १८६२ दिसलं, तरी तो १८७४ पर्यंत कधीही पाडलेला असू शकतो. तेव्हा साल बदलतच नसत.

१९११ च्या रुपयाची तर गंमतच झाली. पंचम जॉर्जच्या झग्यावर कोरलेला छोटा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला! ओरड झाली, आणि १९१२ मध्ये हत्ती नव्याने कोरावा लागला. म्हणून १९११ चा रुपया जमवणाऱ्यांना हवाहवासा वाटतो.

आता एक कळकळीची विनंती. काळा पडला म्हणून रुपया चिंचेने किंवा राखेने घासू नका. नाकडोळे, अक्षरं, बारीक खुणा एकदा झिजल्या की गेल्या! त्याची कड धरा, कागदाच्या पाकिटात ठेवा. आणि घरात कुणी ‘मोडून पैंजण करू’ म्हणालं, तर आधी साल वाचायला सांगा. चांदी पुन्हा मिळेल, तो रुपया मिळणार नाही.

एक वही करा. राजा कोण, साल कोणतं आणि रुपया घरात कुणाकडून आला, ते लिहा. हे शेवटचं फक्त आजीच सांगू शकेल. तेव्हा आजच विचारा!