भुईआवळ्याची परीक्षा

गोमंतकात नि कोकणात कावीळ म्हटली की प्रथम आठवतो तो पावसाळ्यात परसात उगवणारा भुईआवळा. त्याचा रस पिऊन बरी झालेली माणसे गावोगाव भेटतात. त्यांच्या अनुभवाची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुधा आपोआपच ओसरते आणि श्रेय मात्र औषधाला मिळते. रक्तातून पसरणाऱ्या 'ब' प्रकारच्या काविळीची गोष्ट निराळी. ती कित्येकदा डोळे पिवळेही न करता वर्षानुवर्षे यकृत पोखरीत राहते.

१९८८ साली मद्रासच्या डॉ. त्यागराजन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये जाहीर केले, की महिनाभर भुईआवळा घेतलेल्या ३७ वाहकांपैकी २२ जणांच्या रक्तातून या विषाणूची खूण नाहीशी झाली. औषधाचा केवळ आभास असलेली मात्रा घेतलेल्या २३ जणांत असा एकच निघाला. जगाचे लक्ष वेधले गेले. पण पुढे अन्यत्र झालेल्या अनेक चाचण्यांत हा गुण आढळला नाही. २०११ सालच्या कॉक्रेन आढाव्यालाही खात्रीचा पुरावा सापडला नाही.

यात आयुर्वेदाचा अवमान कोठे आहे? चिनी परंपरेतल्या वनस्पतीपासून काढलेले आर्टेमिसिनिन हिवतापावर कसोटीस उतरले आणि त्याबद्दल तू यूयू यांना २०१५ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. परंपरा वाट दाखविते. खात्री प्रयोगच देतो. तोवर काविळीच्या रोग्याने रक्त तपासून घ्यावे आणि नवजात अर्भकांना लस टोचून घ्यावी, यातच शहाणपण आहे.