खजिना शोधा, खणू नका

सुट्टी लागली की मुलं मोबाइलला चिकटतात, ही तक्रार बीडमध्ये घरोघरी ऐकू येते. त्याच मोबाइलच्या मदतीने मुलांना घराबाहेर काढणारा एक खेळ आहे, जिओकॅशिंग. तो आपल्या गावात जरूर खेळा; मात्र काही पथ्यं पाळून खेळा, अशी माझी विनंती आहे.

खेळ सोपा आहे. एकाने छोटा डबा दडवायचा, आत वही-पेन्सिल ठेवायची आणि जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे. शोधणाऱ्याने मोबाइलवरचे आकडे बघत तिथे पोचायचं, वहीत नाव आणि तारीख लिहायची, डबा होता तसा परत ठेवायचा. पूर्वी अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम चूक घातलेली होती. जागा १०० मीटरपर्यंत चुकायची. मे २००० च्या सुरुवातीला ती चूक काढून टाकली आणि लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी ओरेगॉन राज्यात एक बादली दडवून तिचे आकडे जाहीर केले. तिथून हा खेळ जगभर गेला.

आपल्याकडे मात्र खजिना म्हटलं की लोकांना गुप्तधन आठवतं. त्या लोभापायी गढ्यांच्या भिंती आणि पडक्या देवळांचे चौथरे उकरले जातात. धन सापडत नाही, वास्तू मात्र कायमची जाते. संरक्षित स्मारकाची नासधूस करणं १९५८ च्या केंद्रीय आणि १९६० च्या राज्य कायद्याने गुन्हा आहे. म्हणून पहिलं पथ्य हेच, की या खेळासाठी कुठेही खणायचं नाही, आणि जुन्या वास्तूचा दगड हलवून त्यामागे काही ठेवायचं नाही.

डबा ठेवायचा तर तो नगरपालिकेच्या बागेत, शाळेच्या मैदानात किंवा सोसायटीच्या आवारात, आणि तिथल्या जबाबदार माणसाची परवानगी घेऊन. डबा पारदर्शक असू द्या, वर ‘जिओकॅशिंगचा खेळ’ असं ठळक लिहा आणि वॉचमनला दाखवून ठेवा. बेवारस वस्तू दिसली की लोक घाबरतात, पोलिसांची धावपळ होते. ती वेळ आणू नका. आत खाऊ ठेवू नका, मुंग्या आणि उंदीर येतात. दगडांच्या फटीत, पालापाचोळ्यात डबा नको. आपल्या भागात तिथे घोणस आणि विंचू असतात. मुलांनी न बघता हात घालावा अशी जागा निवडूच नये.

आकडे दशांश चिन्हानंतर पाच अंकांपर्यंत लिहा. चौथा अंक जमिनीवर सुमारे ११ मीटरचा फरक दाखवतो, पाचवा सुमारे १ मीटरचा. तरीही मोबाइल उघड्या आभाळाखाली साधारण पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो, दाट झाडाखाली त्याहून जास्त. म्हणून आकड्यांसोबत एखादी ठळक खूणही सांगा.

आणि ऐतिहासिक जागी डबा नकोच. तिथे प्रश्न ठेवा. जागेचे आकडे द्यायचे आणि तिथे उभं राहून नीट पाहिल्याशिवाय उत्तर मिळणार नाही असा प्रश्न विचारायचा. जगात हा प्रकारही रूढ आहे, आणि बीडला तो फार शोभेल. खंडोबाच्या देवळासमोरच्या दोन दीपमाळांवर कोणकोणती शिल्पं आहेत? पाण्याने वेढलेल्या कंकालेश्वराला गाभारे किती? अंबाजोगाईच्या हत्तीखान्यातल्या दगडी हत्तींची तोंडं कुठल्या दिशेला? ही उत्तरं शोधताना मूल शिल्पासमोर थांबतं आणि घरी येऊन आजोबांना चार प्रश्न विचारतं.

बीडजवळची खजाना विहीर तर या खेळासाठीच जणू नाव घेऊन बसली आहे. सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या काळात ती बांधली गेली. सरकारी खजिन्याचा पैसा तिच्यावर खर्च झाला म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. दुष्काळातही तिचं पाणी आटत नाही ही तिची ख्याती, आणि ते पाणी भुयारी वाटेने शेतांकडे नेलेलं आहे. टँकरची वाट पाहिलेल्या जिल्ह्यातल्या मुलांना खजिना म्हणजे काय, हे याहून चांगलं कोण सांगणार? मात्र विहिरीपाशी मुलांसोबत मोठं माणूस हवंच, आणि काठावरूनच उत्तर मिळेल असा प्रश्न ठेवा.

शिक्षकांनो, येत्या सहलीआधी तुमच्या गावातल्या पाच जागांचे पाच प्रश्न तयार करा. आईवडिलांनो, एक रविवार मुलांना द्या. जाताना एक पिशवी घ्या आणि वाटेत दिसेल तो कचरा उचलून आणा. ज्या वेशी, बारवा आणि दीपमाळांशेजारून आपण रोज जातो, त्या मुलांनी आज पाहिल्या तरच उद्या त्यांना राखणारी माणसं मिळतील.